नोंद एक, फाइली अनेक

काही वर्षांपूर्वी वालचंदनगर परिसरातील आमच्या एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडली. वडिलांच्या नावातील चूक जनरल रजिस्टरमध्ये रीतसर दुरुस्त झाली होती, कार्यालयाच्या संगणकातही झाली होती. शिष्यवृत्तीच्या फाइलमध्ये मात्र जुनेच नाव राहिले, कारण तेथे विद्यार्थ्यांचा तक्ता पूर्वी केव्हातरी नकलून घेतलेला होता. मूळ साधन आणि त्याची नक्कल यांत कालांतराने तफावत पडते, हे इतिहासाच्या अभ्यासकास नवे नाही.

आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या तीन फाइली आहेत : कार्यालय, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती. एका फाइलची कमाल मर्यादा २ जीबी असल्याने छायाचित्रांसह सर्व काही एकाच ठिकाणी कोंबणे हितावह नाही. मग दुसऱ्या फाइलमधील तक्ता कसा वापरावा? त्याचे दोन मार्ग आहेत. 'इम्पोर्ट' केल्यास नक्कल येते. पुढे मूळ तक्त्यात झालेला बदल तिला कळत नाही. 'लिंक' केल्यास माहिती मूळ फाइलमध्येच राहते आणि आपल्या फाइलमध्ये केवळ तिचा पत्ता नोंदला जातो. एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडेही दिसते.

कृती सोपी आहे. 'एक्स्टर्नल डेटा' या विभागातून अ‍ॅक्सेसची मूळ फाइल निवडावी, 'लिंक' हा पर्याय घ्यावा आणि हवा तो तक्ता निवडावा. जोडलेल्या तक्त्याच्या चिन्हाशेजारी लहानसा बाण दिसतो.

काही पथ्ये मात्र पाळावीत. जोडलेल्या तक्त्यातील नोंदी बदलता येतात, पण त्याचे रकाने बदलायचे असल्यास मूळ फाइलच उघडावी लागते. जोडणी पुसली तर मूळ माहिती पुसली जात नाही. नोंद पुसली तर मात्र ती मूळ तक्त्यातूनच जाते. मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्यास जोडणी तुटते; 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून नवा पत्ता द्यावा लागतो. दोन फाइलींतील तक्त्यांच्या परस्परसंबंधाची सक्ती अ‍ॅक्सेस करू शकत नाही. म्हणून कार्यालयातून विद्यार्थ्याची नोंद वगळली तरी वसतिगृहातील त्याची खाट कागदोपत्री भरलेलीच राहू शकते. ही तपासणी माणसानेच करावयाची असते.

आमच्या समाजास नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिला जातो आणि अनेक कुटुंबांकडे तो आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील एका ओळीच्या रूपानेच असतो. आज आम्ही लिहितो ती ओळ उद्या कुणाच्या तरी नातवंडांना लागणार आहे.

त्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती पुढे मिळाली. पण त्याच्या आईचे बुडालेले रोज आम्हास परत देता आले नाहीत. तेव्हापासून आमच्या शाळेत विद्यार्थ्याचे नाव एकाच तक्त्यात लिहिले जाते, आणि बाकीच्या फाइली तेथूनच ते वाचतात.