अंगावरील लाली : नांव आणि धोका

आमच्या महाड-पोलादपूर भागांत भातकापणीच्या दिवसांत पेंढ्यांत किंवा बांधाच्या दगडांत हात घालतांना कोणास कांहीं चावलें, कीं घरचीं माणसें प्रथम ती जागा पाहतात. जागा लालभडक असली तर घाबरतात. लाल नसली तर मुंगी चावली असेल म्हणून पुन्हां कामास लागतात. ही कसोटी चुकीची असून प्रसंगीं प्राणघातक आहे. म्हणून या विषयाचा येथें विचार करीत आहों.

डॉक्टरांच्या कागदावर 'एरिथीमा' हा शब्द आढळतो. तें कोणत्याही एका रोगाचें नांव नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ लाली असा आहे. मराठींत त्यास 'आरक्तता' म्हणतां येईल. कातडींतील बारीक रक्तवाहिन्या रुंदावून त्यांत अधिक रक्त आलें, म्हणजे ती दिसते. आपल्या बोलींत मात्र कारणपरत्वें निरनिराळे शब्द आहेत. बिब्ब्याचें तेल लागून कातडी लाल झाली व फोड आले, तर बिब्बा 'उतला' म्हणतात. खाज सुटून गांधी उठल्या, तर 'पित्त उठलें' म्हणतात. हें बहुधा आपोआप शमतें, परंतु ओठ सुजले किंवा दम लागला तर दवाखाना गांठावा. चिखलांत काम करून भेगाळलेल्या पायावर ताप येऊन लाल, ऊन पट्टा पसरूं लागला, तर तें 'धांवरें'. जखमेंतून शिरलेल्या जंतूंमुळें तें होतें, व त्यास औषधोपचार त्वरित हवा.

सांवळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाहीं; ती काळपट किंवा जांभळट वाटते. अशा वेळीं हाताची मागील बाजू लावून तो भाग ऊन आहे कीं काय, हें पाहावें. तसेंच कांचेचा पेला डागावर दाबून धरावा. डाग फिका पडला तर रक्त वाहिन्यांतच आहे. फिका न पडला तर तें बाहेर झिरपलें आहे असें समजावें. फुरसें चावल्यावर असें होऊं शकतें.

आतां मुख्य मुद्दा. लाल विंचवाच्या नांवांत लाली असली, तरी त्याच्या दंशाच्या जागीं लाली व सूज बहुधा थोडीच असते. दरदरून घाम, वांत्या आणि हातपाय गार पडणें, हीं खरीं धोक्याचीं चिन्हें होत. पुढें हृदय दुर्बल होऊन फुप्फुसांत पाणी भरतें. या विषावर महाड येथें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं दीर्घकाळ काम केलें असून त्यांस २०२२ सालीं पद्मश्री मिळाली. प्राझोसिन हें रक्तवाहिन्या सैल करणारें औषध त्यांनीं या दंशावर उपयोगांत आणिलें. महाडच्या ७० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झाला. नुसतें प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकीं ८, व त्यासोबत विंचवाचें प्रतिविष दिलेल्या ३५ जणांपैकीं ३२ जण दहा तासांच्या आंत बरे झाले.

मण्यार तर याहून फसवी. ती रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. जागा लाल होत नाहीं, सुजत नाहीं, पुष्कळदां दुखतही नाहीं. पहांटे पोटांत कळा येतात, पापण्या मिटूं लागतात, आणि मग श्वास अडतो.

तात्पर्य, लालीवरून विषाचें माप काढूं नये. दंशाचा संशय येतांच तो अवयव हलूं देऊं नये; जागा कापूं नये, आवळून बांधूं नये, मंत्रतंत्रांत वेळ दवडूं नये. रोग्यास तसेंच रुग्णालयांत न्यावें. भाताचे भारे एक दिवस उशिरां रचले तरी चालतील. गेलेला गडी परत येत नाहीं.