पावसाचं माहेर

जूनमध्ये चिपळुणात कोसळणारं पाणी मूळचं कुठलं? उत्तर पाठ असतं: अरबी समुद्राचं. पण याच उत्तरावरून १९६०च्या दशकात हवामानशास्त्रज्ञांत वाद रंगला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती, तिच्यासाठी मुंबईत खास हवामान केंद्र उघडलं होतं. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी १९६५मध्ये हिशेब मांडला: विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या बाष्पापेक्षा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरणारं बाष्प कितीतरी जास्त आहे. म्हणजे मधली भर अरबी समुद्राची.

चारच वर्षांनी ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फाइंडलेटर यांनी दुसरी बाजू दाखवली. केनिया-सोमालियाकडे, जेमतेम दीड किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान झोत पूर्व आफ्रिकेच्या पठाराला खेटून विषुववृत्त ओलांडतो. मादागास्करच्याही दक्षिणेकडच्या, तेव्हा हिवाळा असलेल्या समुद्रावरचं बाष्प तो ओढून आणतो. विरळ निरीक्षणांतून निसटावा इतका तो चिंचोळा. पुढे पुण्यातल्याच संशोधकांनी दक्षिण गोलार्धाचा वाटा मोठा ठरवला. आज दोन्ही समुद्रांचं देणं मान्य आहे. पावसाला दोन माहेरं आहेत म्हणायची.

मला मात्र या वादात पाण्यापेक्षा उष्णतेची गोष्ट अधिक मोलाची वाटते. एक लिटर पाणी २७ अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे आठपट त्याची वाफ करायला लागते. ती समुद्राच्या खिशातून जाते. मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असलेला अरबी समुद्र म्हणूनच पावसाळ्यात थंडावतो. वाराही त्याला घुसळतो. सोमालियाच्या किनाऱ्यावर तर वरचं पाणी बाजूला सारलं जाऊन खालचं गार पाणी वर येतं, तापमान २० अंशांखालीही उतरतं. आफ्रिकेच्या उन्हात, भर उन्हाळ्यात!

वाफेत दडलेली उष्णता सह्याद्रीवर ढग बनताना सुटते, हवा आणखी वर चढते आणि खालून नवी दमट हवा ओढली जाते. वर चढलेली हवा उंचावरून पुन्हा दक्षिणेकडे वळते. समुद्राचं वरचं उबदार पाणीही या मोसमात विषुववृत्तापलीकडे सरकतं. थोडक्यात, बाष्प उत्तरेला येतं, पण एकूण उष्णता दक्षिणेला जाते. पावसाळ्याला आपण पाण्याच्या मोजपट्टीने मापतो, त्यामुळे हा उलटा व्यवहार ध्यानातच येत नाही.

बरं, पडलेल्या पाण्याचं काय? महाबळेश्वरच्या पश्चिम उतारावरचं सावित्रीतून काही तासांत अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेकडचं कृष्णेतून चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात जातं. गंगा-ब्रह्मपुत्राही तिथेच रिकाम्या होतात, म्हणून तो उपसागर कमी खारट. हिवाळ्यात किनारी प्रवाह हे हलकं पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळ-लक्षद्वीपकडे आणतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी या भागावर बरंच काम केलं आहे. हलका थर वर तरंगत राहतो, खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात चांगलाच तापतो. पुढच्या मोसमी पावसाची केरळात वर्दी लागण्याआधी हिंदी महासागरातला सर्वांत उबदार पट्टा नेमका तिथे तयार असतो.