इन्स्टॉल केलं, पण कोणासाठी?

आधी कबुली देतो. गेल्या वर्षीच्या अंकात फर्स्ट इयरच्या एका मुलाची कविता शेवटच्या चार ओळींशिवाय छापून आली. पुष्कळांना वाटलं नवकविता आहे, अशीच संपत असेल. तसं काही नव्हतं, ती माझ्या एका क्लिकची करामत होती. तो मुलगा मेसमध्ये समोर बसला की मला अजून घास उतरत नाही.

झालं असं की, मासिकाच्या खोलीत कॉम्प्युटर एकच. त्यावर अकाउंट दोन. एक माझं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. दुसरं 'मासिक' नावाचं, साधं, बाकी सगळ्यांसाठी. कवितांच्या पानांसाठी मी शोभिका फॉन्ट घेतला. मुंबईच्या आयआयटीने काढलेला, फुकट आणि जोडाक्षरं देखणी. राइट क्लिक केलं, 'इन्स्टॉल' दाबलं, दोन सेकंदांत काम फत्ते! पानं लावली आणि गड्ड्याच्या यात्रेला घरचे आले होते म्हणून त्यांच्याबरोबर फिरायला गेलो. मोबाइल खिशात, सायलेंटवर.

इकडे आमच्या सहसंपादिकेने 'मासिक' अकाउंटवरून फाइल उघडली. तिथे शोभिका नव्हताच. वर्डने कुरकुर न करता विंडोजमधला निर्मला लावून टाकला. अक्षरांची रुंदी बदलली, ओळींमधलं अंतर बदललं आणि दोन पानांचा मजकूर अडीच पानांवर गेला. सकाळी छापखान्यात पीडीएफ द्यायची होती. बिचारीने रात्री दीडपर्यंत बसून काटछाट केली, त्यात त्या ओळी गेल्या. "तू फॉन्ट टाकलाय म्हणाला होतास ना रे?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. टाकला होता की! पण फक्त माझ्यासाठी.

यातली गोम हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. रूममधल्या आपल्या कपाटात ठेवलेली शेंगाचटणी आपली एकट्याची, त्याला रेक्टरची परवानगी लागत नाही. पण मेसच्या टेबलावर बरणी ठेवायची तर मेस सेक्रेटरीला विचारावं लागतं. मग ती सगळ्यांची. विंडोजमध्येही अशाच दोन जागा आहेत. 'प्रोग्रॅम फाइल्स' म्हणजे मेसचं टेबल. तिथे ठेवायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. 'युजर्स' फोल्डरमध्ये आपल्या नावाखाली 'अ‍ॅपडेटा' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, ते आपलं कपाट. रजिस्ट्रीच्या वह्याही दोन: 'लोकल मशीन' सगळ्यांची, 'करंट युजर' ज्याची त्याची. एवढंच काय, स्टार्ट मेनू आणि डेस्कटॉपसुद्धा दोन-दोन असतात, आपल्याला ते एकावर एक ठेवलेले दिसतात इतकंच.

पूर्वी हा प्रश्न फारसा यायचा नाही. एक्सपीच्या काळात घरोघरी सगळेच अ‍ॅडमिन होते (आणि सगळ्यांच्याच पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस!). २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि दर इन्स्टॉलला परवानगीची खिडकी उघडायला लागली. मग पुष्कळ सॉफ्टवेअरवाल्यांनी पळवाट काढली: परवानगीच नको, थेट युजरच्या कपाटात टाका. क्रोमला अ‍ॅडमिनची परवानगी मिळाली नाही तर तो तिथेच बसतो. व्हीएस कोडचे इन्स्टॉलर दोन आहेत, 'युजर' आणि 'सिस्टम'. पायथॉनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं तर तो एकट्यापुरता. 'कस्टमाइझ'मध्ये जाऊन 'फॉर ऑल युजर्स'वर टिक केली तर सर्वांचा. फॉन्टचंही २०१८ च्या विंडोज १० पासून असंच झालं. नुसतं 'इन्स्टॉल' म्हणजे माझ्यापुरतं, मग मी अ‍ॅडमिन का असेना. त्याच्याच खाली 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' असतं, ढालीचं चित्र असलेलं. ते मी वाचलंच नव्हतं. (विंडोज ११ मध्ये कधी कधी आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं.)

आता उपाय. रूममेटने लगेच सुचवलं, "का बे, सगळ्यांनाच अ‍ॅडमिन करून टाक की!" हे करू नका. धोका तर आहेच, शिवाय उपयोग शून्य, कारण माझ्या कपाटातला फॉन्ट दुसऱ्या अ‍ॅडमिनच्या यादीतही येत नाही. दुसरी आयडिया म्हणजे शॉर्टकट 'पब्लिक डेस्कटॉप'वर टाकणे. चित्र सगळ्यांना दिसेल, पण प्रोग्रॅम माझ्या अ‍ॅपडेटामध्ये असेल तर साध्या अकाउंटला तो उघडायची परवानगीच नाही.

सरळ रस्ता एकच. एकट्यापुरतं टाकलेलं सॉफ्टवेअर आधी काढा, मग 'फॉर ऑल युजर्स' किंवा 'सिस्टम' प्रकारचं टाका. न काढता टाकलं तर दोन प्रती राहतात आणि अपडेट भलतीच होते. एमएसआय फाइल असेल तर कमांड लाइनवर 'ऑलयुजर्स' बरोबर १ द्यायचं, बहुतेक वेळा चालतं. कमांडने चालणारं काही असेल तर पाथही पाहा: 'युजर व्हेरिएबल्स'मधला पाथ एकट्याचा, 'सिस्टम व्हेरिएबल्स'मधला सगळ्यांचा.

मराठी कीबोर्डचं मात्र जरा वेगळं आहे. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये असतोच, पण तो चालू केल्याची नोंद ज्याच्या त्याच्या वहीत होते. कंट्रोल पॅनेलच्या 'रीजन'मध्ये, 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर 'कॉपी सेटिंग्ज' आहे. त्याने पुढे तयार होणाऱ्या अकाउंटना कीबोर्ड मिळतो. आधीची अकाउंट एकेक उघडूनच करावी लागतात, इलाज नाही.

लॅबच्या स्टाफसाठी एक जादा गोष्ट. काही जुने प्रोग्रॅम स्वतःच्याच फोल्डरमध्ये फाइल सेव्ह करायला बघतात. साध्या अकाउंटला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिता येत नाही, म्हणून विंडोज ती फाइल गुपचूप अ‍ॅपडेटामधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये ठेवतं. "सर, काल सेव्ह केलं होतं, आज नाही" असं कोणी म्हणालं तर ओरडण्याआधी तिथे बघा.

लिनक्सवाले हसत असतील. त्यांच्याकडे 'सुडो आप्ट'ने टाकलेलं मुळातच सगळ्यांचं. पण 'पिप'ला 'युजर' जोडून टाकलेलं त्यांचंही कपाटातच जातं, तेव्हा जास्त हसू नये.

आणि तपासायचं ते आपल्या अकाउंटवरून नव्हे. आपल्याला सगळं चालताना दिसणारच! साध्या अकाउंटवरून लॉगिन करायचं आणि उघडून बघायचं. या अंकाची पानं मी 'मासिक'वरून दोनदा पाहिली. त्या मुलाची कविता पुन्हा घेतली आहे, शेवटच्या चार ओळींसकट.