परसातील पालेभाजीचा वाफा

महसुली कामात आमचे आयुष्य गेले. सिहोऱ्याच्या आसमंतातील पीकपाहणीत धानाची नोंद पानोपानी सापडते. परसातील वाफ्याची नोंद मात्र कोणी करीत नाही. तथापि कुटुंबाचे आरोग्य त्या वाफ्यावर पुष्कळ अवलंबून असते. भाताने पोट भरते, परंतु कांडलेल्या तांदळात अ जीवनसत्त्व नसते. त्याच्या अभावी मुलांस रातांधळेपणा जडतो, व लोहाच्या अभावी स्त्रिया फिक्या पडतात. हिरव्या पाल्यातून ही दोन्ही द्रव्ये मिळतात.

दसऱ्याच्या सुमारास ऊन लागेल अशी जागा निवडावी. वाफा बारा फूट लांब व चार फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो. कन्हार जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वाफा वीतभर उंच करावा. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. ताज्या शेणाने हुमणी व तण वाढते.

बहुतेक घरी एकाच दिवशी सर्व बी टाकतात. मग आठ दिवस भाजी उरते व पुढे महिनाभर विकत घ्यावी लागते. यास्तव वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एकेक भाग पेरावा. पालकाचे बी रात्रभर भिजवावे, सांभाराचे बी रगडून दोन फाकी करावे, व माठाचे बारीक बी वाळूत मिसळून फेकावे. मेथी सुमारे चार आठवड्यांत काढणीस येते. पालक मुळासकट न उपटता जमिनीपासून दोन बोटे वर कापावा. पंधरा-वीस दिवसांत तो पुन्हा फुटतो.

न्हाणीचे पाणी सरीतूनच द्यावे, पानांवर नव्हे. सांडपाणी अगदी वर्ज्य, कारण त्यातून जंत पोटात जातात. मावा दिसल्यास निंबोळीचा अर्क फवारावा. जे पान चार दिवसांत ताटात येणार, त्यावर विषारी औषध मारणे म्हणजे घरच्यांसच विष देणे होय.

भाजी स्वच्छ धुऊन मगच चिरावी, शिजविलेले पाणी टाकू नये व फोडणीस थोडे तेल अवश्य घालावे; तेलावाचून अ जीवनसत्त्व अंगी नीट लागत नाही. वर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते.

उन्हाळा लागताच पालक फुलावर येतो. त्यातील चार जोमदार झाडे बियांसाठी राखून उरलेल्या जागी चवळई व अंबाडी पेरावी, म्हणजे वाफा रिकामा राहणार नाही.