पद्मेतला हिलसा, बावीस दिवसांची बंदी आणि पंचवीस किलो तांदूळ



गेल्या दोन बैठकांत खाडीपट्ट्यातल्या गटांनी एकच विषय लावून धरलाय. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, घरात रोख पैसा येत नाही, आणि गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. "बंदी सरकारची, मग हप्त्याला पण बंदी का नाही?" असं एका ताईंनी विचारलं. सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच प्रश्नाशी झगडणाऱ्या दुसऱ्या बायका कुठे आहेत ते मी शोधत होते, आणि शोधता शोधता थेट गंगेवर पोचले. तिथली गोष्ट आपल्याहून अवघड आहे, कारण तिथे नदी एक आणि सरकारं दोन.

आधी नदी समजून घेऊ. पश्चिम बंगालमध्ये फराक्का नावाचं ठिकाण आहे. तिथून पुढे गंगेचे दोन फाटे होतात. एक भागीरथी, ती खाली कोलकात्याकडे जाते. दुसरा मोठा प्रवाह, त्याला पद्मा म्हणतात, तो बांगलादेशात शिरतो. पण शिरण्याआधी बराच पल्ला ही पद्मा दोन देशांची हद्द म्हणून वाहते. अलीकडे आपला मुर्शिदाबाद जिल्हा, पलीकडे बांगलादेशचा राजशाही. मध्ये वाळूची बेटं, त्यांना तिकडे चर म्हणतात. पूर आला की चर सरकतं, नदी पात्र बदलते. हद्दीची रेघ मात्र नकाशावर जिथल्या तिथे. होडीतल्या माणसाला ती रेघ दिसत नाही, आणि माशाला तर नाहीच नाही.

हा मासा म्हणजे हिलसा. बंगालीत इलिश, आपल्याकडे काही बंदरांवर पाला म्हणतात तो. राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात वर चढतो. एक मोठी मादी दहा-वीस लाख अंडी घालते. अंड्यांचा मुख्य हंगाम आश्विनात, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. आश्विनातली पौर्णिमा म्हणजे आपली कोजागिरी. आपण गच्चीवर दूध आटवतो त्या रात्री तिकडे हिलशाची मादी पोट भरून नदी चढत असते. नेमकी तेव्हाच ती जाळ्यात सापडायला सोपी, आणि बाजारात तिला भावही चांगला. पूर्वी हा मासा पार अलाहाबादच्या पुढे जायचा. १९७५ साली फराक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि वरची वाट जवळजवळ बंद झाली. आता जे काही आहे ते बंधाऱ्याच्या खालच्या पाण्यात, म्हणजे दोन देशांच्या वाटणीत.

तर नियम काय आहेत? बांगलादेशात दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला २२ दिवस हिलशावर पूर्ण बंदी असते. तारखा पौर्णिमा बघून ठरवतात. २०२४ साली १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर होती, २०२५ साली ४ ते २५ ऑक्टोबर. या दिवसांत हिलसा धरायचा नाही, विकायचा नाही, साठवायचा नाही, गाडीत घालून न्यायचा पण नाही. मोडलं तर एक ते दोन वर्षं कैद, किंवा ५,००० टाका दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोव्हेंबर ते जून असे आठ महिने २५ सेंटीमीटरपेक्षा लहान हिलसा धरायला मनाई. या पिल्लांना तिकडे जाटका म्हणतात. आणि मार्च-एप्रिलमध्ये मेघना, पद्मा, तेतुलिया या नद्यांचे काही ठरावीक पट्टे सगळ्याच मासेमारीला बंद.

जाळ्याचा पण नियम आहे. जाळ्याचा डोळा, म्हणजे आस, बांगलादेशात साडेसहा सेंटीमीटरपेक्षा बारीक चालत नाही. बारीक नायलॉनचं एक जाळं तिकडे 'करंट जाल' म्हणून ओळखलं जातं, त्यात पिल्लूसुद्धा सुटत नाही. ते २००२ पासून बंद आहे. अर्थात बंद आहे म्हणजे मिळत नाही असं नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता अलीकडे या. पश्चिम बंगालचा नियम २३ सेंटीमीटरचा, आणि जाळ्याचा आस ९० मिलिमीटरपेक्षा लहान नको. म्हणजे गंमत बघा. चोवीस सेंटीमीटरचा एकच मासा. रेघेच्या अलीकडे सापडला तर कायदेशीर, पलीकडे जानेवारीत सापडला तर जाटका, गुन्हा. साडेसहा सेंटीमीटरचं जाळं पलीकडे चालतं, अलीकडे नाही. अंड्यांच्या हंगामात बंगालच्या नियमातही पौर्णिमेच्या मागेपुढे थोडे दिवस राखून ठेवलेत. पण तिकडच्यासारखी सलग २२ दिवसांची बंदी नाही, आणि जो नियम आहे त्याचा अंमलही ढिला.

मुर्शिदाबादच्या मच्छिमाराला परवाना म्हणाल तर आणखी एक सोपस्कार आहे. सीमा सुरक्षा दलाच्या चौकीत ओळखपत्र ठेवायचं, नोंद करायची, ठरलेल्या वेळेत नदीवर जायचं आणि परत येऊन कार्ड घ्यायचं. चौकीतल्या वहीत माणसं मोजली जातात. मासा कुठला, किती लांबीचा, हंगाम कोणता, याच्याशी त्या वहीचा संबंध नाही.

याचं टोक २०१९ मध्ये दिसलं. १७ ऑक्टोबरचा दिवस, कोजागिरी होऊन चार दिवस झालेले. पलीकडे बंदी चालू होती. मुर्शिदाबादचे तीन मच्छिमार पद्मेवर गेले होते. आपल्या दलाच्या म्हणण्याप्रमाणे ते परवानगी घेऊनच गेले होते. बांगलादेशच्या सीमा रक्षकांचं म्हणणं असं की ते आमच्या पाण्यात शिरून बंदीच्या काळात मासे धरत होते. दोघांना सोडलं, एकाला धरून ठेवलं. त्याला सोडवायला आपले जवान होडीतून गेले, बोलणं फिसकटलं आणि गोळीबार झाला. आपल्या दलाचा एक हेड कॉन्स्टेबल मेला, एक जवान जखमी झाला. कोण कुठल्या पाण्यात होतं यावर दोन्हीकडची विधानं आजही जुळत नाहीत. मला यात कुणाची बाजू घ्यायची नाही. पण इकडची वही आणि तिकडची बंदी एकमेकींशी बोलत नसतील तर मध्ये सापडतो तो होडीतला माणूस, आणि त्याला सोडवायला गेलेला माणूस.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. बंदीत घर कसं चालतं?

बांगलादेश सरकार या २२ दिवसांसाठी नोंदणी असलेल्या मच्छिमार कुटुंबाला २५ किलो तांदूळ देतं. हिशेब आपण बैठकीत करतो तसाच करू. पाच माणसांचं घर धरलं तर दिवसाला सव्वा किलोच्याही आत, माणशी सव्वादोनशे ग्रॅम. तांदूळच जिथे तिन्हीत्रिकाळ जेवण आहे तिथे हे जेमतेम. आणि तेल, डाळ, मीठ, औषध, पोरांच्या वह्या? त्याला पैसे नाहीत. जाटक्याच्या बंदीसाठी महिन्याला ४० किलो असतात, पण बंदी आठ महिने आणि तांदूळ चार महिने. वाटपात वजन कमी भरतं, बंदी संपल्यावर तांदूळ येतो, अशा तक्रारी दर हंगामात असतातच.

तरी एक मान्य करायला हवं. बंदीनं मासा वाढला. २००२-०३ मध्ये बांगलादेशात वर्षाला सुमारे दोन लाख टन हिलसा मिळायचा, २०२२-२३ मध्ये तो साडेपाच लाख टनांच्या वर गेला. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा थोडा घसरलाय. पण हे काम नुसत्या दंडुक्यानं झालं असतं असं मला वाटत नाही. तांदूळ कमी का असेना, बंदीबरोबर ताटाचा विचार केला गेला, हे तिकडचं वेगळेपण. मुर्शिदाबादच्या काठावर रेशन सगळ्यांना मिळतं, पण हिलशाच्या बंदीसाठी म्हणून वेगळा तांदूळ नाही. मग तिथला माणूस कुठल्या जोरावर घरी बसेल?

तांदूळ मिळतो कार्डावर, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. मच्छिमार ओळखपत्र बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतं. बाई जाळं विणते, फाटलेलं सांधते, मासा निवडते, सुकवते, खाडीत कोळंबीची पिल्लं गोळा करते. पण 'मासे धरणारा' या व्याख्येत ती बसत नाही. बारिसाल, पटुआखालीकडे मांता नावाचा समाज आहे, होडीतच जन्म, होडीतच संसार. त्यांच्या बायका स्वतः वल्हं मारतात, जाळं टाकतात, नवऱ्याच्या बरोबरीनं. त्यांचं काय होतं? होडीला घर नंबर नसतो. घर नंबर नाही तर राष्ट्रीय ओळखपत्र नाही, ते नाही तर मच्छिमार कार्ड नाही, कार्ड नाही तर तांदूळ नाही. बंदी मात्र त्यांना पण लागू.

दुसरी गोष्ट कर्जाची. तिकडे 'दादन' म्हणून पद्धत आहे. हंगामाच्या आधी आडतदार होडीला, जाळ्याला उचल देतो. (आडत हा शब्द बघा, आपल्या मार्केट यार्डातला अडत्याच तो.) व्याज लावतो असं तो म्हणत नाही. फक्त सगळा मासा त्याच्याच आडतीवर घालायचा, भाव तो सांगेल तो, वर कमिशन कापून. व्याज भावात लपलेलं असतं. बंदीत घरखर्चाला पुन्हा थोडी उचल, की पुढचा हंगाम पण त्याच्याच दावणीला. आणि आडतदार सोडला तर दुसरं दार लघुकर्ज देणाऱ्या संस्थांचं, त्यांचा हप्ता आठवड्याला. बंदीच्या २२ दिवसांत हप्तावसुली थांबवा अशी तिकडच्या मच्छिमारांची जुनी मागणी आहे. म्हणजे आपल्या ताईंनी विचारला तोच प्रश्न. दहा वर्षांपूर्वी हिलसा वाचवण्याच्या एका प्रकल्पात तिथल्या मच्छिमार बायकांचे बचत गट सुरू केले होते, ते याचसाठी: बंदीच्या दिवसांत उचल घ्यायला आडतीवर जावं लागू नये.

पूर्व बंगालातून आलेल्या कित्येक घरांत एक रीत आहे. लक्ष्मीपूजेनंतर, म्हणजे कोजागिरीपासून, सरस्वतीपूजेपर्यंत घरात इलिश शिजवत नाहीत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत, तशातलंच. ही रीत पाळताना हद्द आड येत नव्हती, हे मला फार आवडलं.

समुद्रात मात्र दोन देशांच्या तारखा आता जवळ आल्यात. आपल्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून बंदी असते. (पश्चिमेला आपली १ जून ते ३१ जुलै.) बांगलादेशची २० मे ते २३ जुलै अशी ६५ दिवसांची होती. १४ जूनला भारतीय ट्रॉलर पाण्यात उतरायचे आणि तिकडचे मच्छिमार अजून सव्वा महिना काठावर बसून, आपला मासा दुसरेच नेताहेत म्हणून कपाळाला हात लावायचे. वर्षानुवर्षं ओरड झाली. शेवटी २०२५ मध्ये बांगलादेशनं तारखा बदलून १५ एप्रिल ते ११ जून केल्या. ५८ दिवस. पद्मेवरच्या ऑक्टोबरच्या बंदीला अजून असा जोड मिळालेला नाही.

आता आपल्यापुरतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी एक तरतूद आहे. सभासदानं वर्षभरात थोडे थोडे करून १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० घालतं, आणि बंदीच्या तीन महिन्यांत मिळून ४,५०० रुपये परत मिळतात. वय १८ ते ६० हवं. लाभ मिळायला मच्छिमार म्हणून नोंद लागते, आणि इथेच आपली गाडी अडते, कारण संस्थेच्या यादीत नाव असतं ते नवऱ्याचं, सासऱ्याचं, कधी कधी वारलेल्या सासऱ्याचं सुद्धा. तेव्हा पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं एवढं विचारून या: घरातून मच्छिमार संस्थेत सभासद कोण आहे, ओळखपत्र कुणाच्या नावावर आहे, आणि ते चालू आहे का. गटाच्या सचिव ताईंनी यादी करून ग्रामसंघात द्यावी. ती घेऊन आपण मिळून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊ. आणि जून-जुलैचे हप्ते पुढे ढकलून ऑगस्टपासून वाढवून घ्यायचे का, हा ठराव अंतर्गत कर्जापुरता तरी गट स्वतःच्या बैठकीत करू शकतो. बँकेच्या कर्जाचं मात्र शाखेत आधी जाऊन बोलावं लागेल, मे महिन्यातच, होड्या वर ओढायच्या आधी.