गादी घेताय? आधी जरा पडून बघा!

मेमरी फोम की पॉकेट स्प्रिंग? शोरूममध्ये दोन्ही झकासच वाटतात. खरा निकाल लागतो तो साताऱ्याच्या डिसेंबरात आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये!

एप्रिलमधला शनिवार. पुण्याहून निघायलाच उशीर झाला होता, त्यामुळे सांगलीत घरी पोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. दार उघडून आत पाऊल टाकते तर काय, आई हॉलमध्ये पंख्याखाली चटईवर झोपलेली! बेडरूममध्ये डोकावले. मी दिवाळीला मोठ्या हौसेने पाठवलेली मेमरी फोमची गादी, आणि तिच्या मधोमध बाबा एकटेच. तेही घामाघूम.

सकाळी चहाच्या वेळी विषय काढला. आधी आईने टोलवाटोलवी केली. मग हळूच म्हणाली, ‘‘अगं, छान आहे तुझी गादी. पण ती मला उठूच देत नाही.’’

बोनसचे पैसे, जाहिरातीतलं ते ढगावर तरंगणारं कपल, रिव्ह्यू वाचण्यात घालवलेल्या चार रात्री... सगळं एका वाक्यात आडवं!

आईची मूळ गादी तिच्या लग्नातली. कापसाची. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात ती उसवायची, कापूस पिंजून घ्यायचा, थोडा नवा घालायचा, पुन्हा टाके मारायचे. सांगली-साताऱ्याकडे नदाफ, पिंजारी, मन्सुरी या आडनावांच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या हेच काम केलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५!) आणि आमच्या गावभागातल्या तळमजल्यासकट ती गादीही पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर गल्लीत भिजलेल्या गाद्यांचा ढीग लागला होता. त्यात आईची कुठली, हे तिला लांबूनही कळलं. तेव्हापासून घरात ‘तात्पुरती’ गादी चालली होती. म्हणून तर मी एवढी हौस केली.

चूक कुठे झाली? गादी वाईट नव्हती. मी ती माझ्या पाठीसाठी निवडली आणि पाठवली आईच्या पाठीसाठी!

दोघांचा बायोडेटा

आधी मेमरी फोम. हा मूळचा विमानातला. नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये विमानाच्या सीटसाठी दणका पचवणारा फोम तयार केला. गादी म्हणून तो बाजारात आला १९९१ मध्ये, स्वीडनमध्ये. फंडा सोपा आहे. तुमच्या अंगाची ऊब आणि वजन लागलं की हा फोम मऊ पडतो, शरीराचा आकार घेतो आणि उठल्यावर सावकाश मूळ जागी येतो. खांदा, कंबर अशा टेकणाऱ्या जागांवरचा दाब त्यामुळे पसरला जातो. कुशीवर झोपणाऱ्यांना तो आवडतो तो याचसाठी.

आणि पॉकेट स्प्रिंग? हे त्याहून कितीतरी जुनं. जेम्स मार्शल नावाच्या कॅनडातल्या इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एकेक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवायची युक्ती काढली. हाताने बनवायला महाग असलेली ही गादी १९२५ मध्ये अमेरिकेच्या सिमन्स कंपनीने मशीनवर काढली आणि ती घरोघरी पोचली. आपल्याकडच्या जुन्या स्प्रिंगच्या गाद्यांमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात (दुकानदार त्याला ‘बोनेल’ म्हणतात). त्यावर एक जण वळला की दुसरा झोक्यावर! पॉकेटमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपापली दबते. शेजारची शांत.

सपोर्ट म्हणजे फळी नव्हे!

आपल्याकडे कंबर दुखली की पहिला सल्ला ठरलेला : ‘‘गादी काढ, फळीवर झोप.’’ सांगली, मिरज, सातारा कुठेही विचारा, घरटी एक तरी काका हे सांगणारच. पण स्पेनमध्ये कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत विभागून टणक आणि मध्यम टणक अशा गाद्या ९० दिवस वापरायला दिल्या. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. अंथरुणातलं दुखणं असो, सकाळी उठतानाचं असो की दिवसभराची हालचाल असो, मध्यम टणक गादीवाले जास्त फायद्यात राहिले. काकांची फळी हरली!

सपोर्ट ओळखायची खूण सोपी आहे. कुशीवर झोपल्यावर मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीचा कणा सरळ रेषेत राहिला पाहिजे. गादी फार टणक असेल तर खांदा आत जात नाही आणि कणा वाकतो. फार मऊ असेल तर कंबर खाली जाते आणि कणा दुसऱ्या बाजूने वाकतो. पाठीवर झोपल्यावर कमरेखाली हात घालून बघा. हात सहज आरपार गेला तर गादी जास्त टणक. घुसतच नसेल तर कंबर बुडालीय.

आणखी एक गोष्ट कुठलीच जाहिरात सांगत नाही. सपोर्ट म्हणजे वळता येणं आणि उठता येणं हेसुद्धा! तिशीतल्या माणसाला ते जाणवत नाही. गुडघे दुखणाऱ्या पासष्टीच्या बाईला रात्री दोनदा बाथरूमला उठताना जाणवतं. मेमरी फोम सावकाश परत येतो, म्हणून वळताना आपण आपल्याच खड्ड्यातून बाहेर येत असतो. स्प्रिंग लगेच परत येते, जरा ढकलतेसुद्धा. आई ‘उठूच देत नाही’ म्हणाली ते इतकं अचूक होतं!

सातारा कूल, सांगली हॉट

आता माझ्या कॉलेजमैत्रिणीकडे जाऊ. ती साताऱ्यात गोडोलीला राहते, बँकेत आहे. नवरा एमआयडीसीत, सेकंड शिफ्टला. रात्री साडेबाराला तो घरी येऊन पलंगावर बसला की जुन्या स्प्रिंगच्या गादीवर हिची झोप खल्लास. वर्षभर भांडणं झाली, मग मेमरी फोम आला. ‘‘तो कधी येतो ते मला कळतसुद्धा नाही,’’ ती हसत सांगते. शेजारच्याची हालचाल जिरवण्यात मेमरी फोमचा हात कुणी धरू शकत नाही. पॉकेट स्प्रिंग दुसरी, आणि बोनेल बऱ्याच अंतराने तिसरी.

मात्र डिसेंबरात तिचा घाबऱ्या आवाजात फोन. ‘‘अगं, गादी दगड झालीय!’’ झालं काहीच नव्हतं. मेमरी फोम गारठ्यात कडक होतो आणि उन्हाळ्यात मऊ. साताऱ्यात थंडीच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा अंगाची ऊब लागेपर्यंत पाच-दहा मिनिटं ती गादी फळीसारखीच लागणार. याउलट सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि रात्री भिंती तापलेल्या. तीच गादी तिथे जास्त मऊ होते, माणूस जास्त रुततो आणि रुतलेल्या अंगाभोवती हवा खेळत नाही. एसी असेल तर प्रश्न नाही. नुसता पंखा असेल तर पॉकेट स्प्रिंग सरस. स्प्रिंगांमध्ये मोकळी जागा असते, हवा फिरते आणि ऋतू बदलला म्हणून स्टील काही मऊ होत नाही.

साताऱ्याच्या पावसाळ्याचा मात्र दोघांनाही त्रास. आपल्याकडे सर्रास प्लायवूडचा बॉक्स पलंग असतो. त्यावर गादी महिनोन् महिने एका जागी पडून राहिली की खाली ओल धरते. मैत्रिणीने ऑगस्टमध्ये गादी उचलली तर खालच्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके! आता ती दर पंधरा दिवसांनी गादी भिंतीला टेकवून उभी करते आणि दोन तास पंखा लावते. खाली फळ्यांमध्ये फटी असलेला पलंग असेल तर उत्तमच.

टिकणार किती?

दोन्ही गाद्या चांगल्या प्रतीच्या असतील तर साधारण ७ ते १० वर्षं. पण ‘चांगली प्रत’ म्हणजे काय, हे लेबलवर शोधावं लागतं.

फोमचं आयुष्य ठरतं डेन्सिटीवर, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो यावर. मेमरी फोम ५०च्या आसपास किंवा वर असेल तर निर्धास्त राहा. ४०च्या खालचा लवकर बसतो. आणि ‘मेमरी फोमची ८ इंची गादी’ म्हणजे आठही इंच मेमरी फोम नव्हे बरं! वर एक-दोन इंच मेमरी, खाली साधा किंवा हाय रेझिलियन्स म्हणजे एचआर फोम. खड्डा पडणार की नाही, हे बऱ्याचदा तो खालचा थरच ठरवतो. त्याची डेन्सिटी ३२ किंवा वर हवी.

दुकानदार सांगत नाही? गादीचं वजन विचारा! ५ बाय साडेसहा फुटांची ८ इंची गादी घ्या. वर २ इंच ५० डेन्सिटीचा मेमरी फोम, खाली ६ इंच ३२चा एचआर. हिशेब केला तर नुसता फोमच २२ किलोच्या आसपास भरतो. तेवढीच गादी १४ किलोची निघाली तर समजून जा, कुठेतरी हवा विकली जातेय.

पॉकेट स्प्रिंगमध्ये स्प्रिंग सहसा दगा देत नाही. दगा देतो तो तिच्यावरचा फोम. स्प्रिंगा ठणठणीत आणि वर झोपायच्या जागी दोन खळगे, हे दृश्य नेहमीचं. त्यामुळे स्प्रिंगांची संख्या विचारताना वरच्या थराची डेन्सिटीही विचारा. तारेचा गेज विचारलात तर लक्षात ठेवा, आकडा जितका लहान तितकी तार जाड. कडेला फोमची चौकट आहे का, तेही बघा. ती नसेल तर बूट घालायला कडेवर बसणाऱ्या माणसाची गादी आधी कडेनेच बसते.

वॉरंटीचा मोठा आकडा बघून भुलू नका. बहुतेक वॉरंटी ठरावीक खोलीच्या, म्हणजे इंच-दीड इंचाच्या खड्ड्यानंतरच लागू होते. डाग पडला, पलंग चुकीचा निघाला तर तीही नाही. आणि कापसाच्या गादीची ती जुनी सोय यात नाही : फोम काही पुन्हा पिंजून मिळत नाही!

दुकानात जाताना

* ज्याला झोपायचंय त्यालाच घेऊन जा. सरप्राइज गिफ्ट म्हणून गादी? नको रे बाबा!
* चपला काढा, लाजू नका, आपल्या नेहमीच्या कुशीवर किमान १५ मिनिटं पडा. मग हात न टेकता उठून बघा.
* कुशीवर झोपता, खांदा दुखतो, जोडीदार उशिरा येतो, खोलीत एसी आहे : मेमरी फोम.
* उकाडा आहे, वजन जास्त आहे, उठायला त्रास होतो, कडेवर बसायची सवय आहे : पॉकेट स्प्रिंग.
* दोघांचं जमत नाही? पॉकेट स्प्रिंगवर इंचभर मेमरी फोम असलेली हायब्रिड बघा.
* ऑनलाइन घेत असाल तर परतीची अट आधी वाचा. तुमच्या पिनकोडवरून ते गादी परत नेतात का, हे फोन करून विचारा.
* प्लॅस्टिकसारखं वॉटरप्रूफ कव्हर घातलं की कुठलीही गादी तापते. वर सुती चादर हवीच.

आणि आई?

मेच्या पहिल्या आठवड्यात मी आईबाबांना घेऊन दुकानात गेले. आई आधी नुसती टोकावर बसली. ‘‘लोक बघतात गं!’’ मग पदर सावरून आडवी झाली. पॉकेट स्प्रिंगवर डाव्या कुशीला वळली, उजव्या कुशीला वळली आणि कुणाचाही हात न धरता उठली. निकाल लागला होता. मी डबल साइजचं बिल करायला सांगणार, एवढ्यात बाबांनी विचारलं, ‘‘पाणी आलं तर वर कोण नेणार?’’

मी गप्पच झाले. डेन्सिटी, गेज, लॅन्सेट, सगळं वाचलं होतं. हे कुठेच नव्हतं. पॉकेट स्प्रिंगची डबल गादी वजनाने तिशी-चाळिशीत जाते. तिची घडी होत नाही, गुंडाळी होत नाही, आणि आमचा जिना आहे अरुंद. फोमची गादी निदान वाकवून तरी नेता येते. पुराच्या पाण्यात भिजली की दोन्हीही फेकायच्याच. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा दोघांनी तासाभरात घर वर हलवलं होतं. सत्तरीला टेकलेल्या माणसाने हे विचारणं साहजिकच होतं.

शेवटी डबलऐवजी दोन सिंगल घेतल्या, तीन बाय साडेसहाच्या. प्रत्येकीचं वजन जवळजवळ निम्मं. दोघं मिळून जिन्यावरून नेऊ शकतात. बाबांनी घरी आल्या आल्या नेऊनही बघितली! शिवाय आईची जरा मऊ, बाबांची जरा टणक. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांना आपापल्या पसंतीचं अंथरूण मिळालं.

मेमरी फोम मी पुण्याला घेऊन आले. एसीत, कुशीवर, खांद्याखाली ती अगदी मस्त वागते. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

परवा आईला फोन केला, सकाळचे साडेआठ वाजले होते. एरवी साडेपाचला उठणारी बाई अजून अंथरुणातच!

‘‘काय गं, आता उठता येत नाही का?’’

‘‘येतं की,’’ आई जांभई देत म्हणाली, ‘‘पण उठावंसंच वाटत नाही. त्याला काही उपाय लिहितेस का?’’