‘डॅमेज’ की ‘डिफेक्ट’? शब्द चुकला की भरपाई अडते

ऑनलाइन मागवलेला मिक्सर घरी आला, पण सुरूच होईना. परत पाठवायला ॲप उघडलं की कारण विचारलं जातं आणि समोर पर्याय येतात : ‘डॅमेज्ड’, ‘डिफेक्टिव्ह’, ‘राँग आयटम’. बिघडलाय ना, मग झालं, म्हणून अनेकजण पहिल्याच पर्यायावर बोट ठेवतात. मग समोरून फुटलेल्या भागाचा आणि चेपलेल्या खोक्याचा फोटो मागितला जातो. मिक्सर तर बाहेरून लख्ख! तक्रार तिथेच अडकते.

कारण ‘डॅमेज’ म्हणजे बाहेरून काहीतरी होऊन झालेलं नुकसान. वस्तू आपटली, भिजली, दाबली गेली. ‘डिफेक्ट’ म्हणजे वस्तूत मुळातच असलेला दोष. पहिल्यात प्रश्न येतो की वाटेत कुणी आपटली, दुसऱ्यात जबाबदारी बनवणाऱ्याकडे जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही वस्तूतल्या उणिवेला ‘डिफेक्ट’ म्हटलं आहे. सेवेतल्या उणिवेसाठी तिथे शब्द वेगळा आहे, ‘डेफिशियन्सी’.

आपला गोंधळ का होतो?

मराठीत क्रियापद निवडताना आपण वस्तूकडे पाहतो. काच फुटते, दोरी तुटते, खुर्चीचा पाय मोडतो, कापड फाटतं. खुर्ची फाटली असं लहान मूलही म्हणत नाही. इंग्रजीत यातल्या पहिल्या तिघांना एकटा ‘ब्रेक’ पुरतो, फाटण्यासाठी तेवढा ‘टेअर’ लागतो. त्यामुळे काहीही झालं की ‘ब्रेक झालं’ म्हणायची आपल्याला सवय लागते.

उलट आपल्या एका ‘फुटणे’ला इंग्रजीत किती वाटा फुटतात पाहा. काच ‘ब्रेक’ होते, पाइप आणि फुगा ‘बर्स्ट’, परीक्षेचा पेपर ‘लीक’, पक्ष ‘स्प्लिट’ आणि आमदार फुटला की तो ‘डिफेक्ट’ होतो. हो, स्पेलिंग तेच! नाम म्हणून अर्थ दोष, क्रियापद म्हणून अर्थ पक्षांतर. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा म्हणूनच ‘अँटी-डिफेक्शन लॉ’ म्हणून ओळखला जातो. मतदारांना दोन्ही अर्थ एकच वाटले तर त्यांचा दोष नाही.

किती तुटलं, हेही सांगा

ओरखडा म्हणजे ‘स्क्रॅच’, पोचा म्हणजे ‘डेंट’, कपाचा टवका उडाला तर ‘चिप’, तडा गेला तर ‘क्रॅक’ आणि ठिकऱ्या उडाल्या तर ‘शॅटर’. मोबाइलची ‘स्क्रीन ब्रेक झाली’ एवढ्यावरून दुरुस्तीवाल्याला काही कळत नाही. फक्त वरच्या काचेला तडा गेला असेल आणि टच चालत असेल तर काम वेगळं, खालचा डिस्प्लेच गेला असेल तर वेगळं. बिलही वेगळं.

‘डॅमेज’ झालेली वस्तू सहसा काही प्रमाणात उरलेली असते. ‘डिस्ट्रॉय’ म्हटलं की संपलीच. अतिवृष्टीनंतरच्या पंचनाम्यात हा फरक थेट पैशांचा होतो. आपत्ती मदतीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या आणि अंशतः पडझड झालेल्या घरांच्या रकमा वेगळ्या आहेत. कच्च्या किंवा पक्क्या घराचं अंशतः नुकसान धरायलाही ते किमान १५ टक्के असावं लागतं.

गाडीच्या विम्यात खरी मेख

गाडीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत काय भरून मिळणार नाही त्याची यादी असते. तिच्यात ‘वेअर अँड टेअर’ म्हणजे वापराने होणारी झीज असते आणि ‘मेकॅनिकल ऑर इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन’ही असतो. ‘ब्रेकडाउन’मध्ये काही तुटलेलं असेलच असं नाही. आतल्या बिघाडाने गाडी बंद पडली, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुंबईत तुंबलेल्या पाण्यात गाडी अडकली आणि मालकाने फॉर्मवर लिहिलं, ‘कार ब्रेकडाउन’. खरं कारण पुराचं पाणी आत शिरणं हे होतं, आणि पूर पॉलिसीत बसतो. पण लिहिलेला शब्द मात्र वगळलेल्या यादीतला! काय घडलं ते साधं लिहावं : कुठे, कधी, पाणी कुठवर आलं, त्याने काय निकामी झालं.

इथे एक सावधगिरी. पाण्यात उभ्या गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारल्याने इंजिन गेलं असेल, तर कंपन्या ते ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’ म्हणजे पुढच्या कृतीतून ओढवलेलं नुकसान मानून नाकारतात. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. शब्द फिरवून हे लपत नाही, सर्व्हेयर इंजिन उघडून बघतो.

‘टोटल लॉस’ म्हणजेही गाडीचा चुराडा झालाच पाहिजे असं नाही. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तरी ती ‘टोटल लॉस’ धरली जाते.

एका ‘एस’ची किंमत

‘डॅमेज’ म्हणजे नुकसान. नुकसान कितीही झालं तरी त्याचं अनेकवचन करत नाहीत. शेवटी ‘एस’ लावून ‘डॅमेजेस’ केलं की कायद्याच्या भाषेत तो नुकसानभरपाईचा पैसा होतो. करार मोडल्याबद्दल अशी भरपाई मागण्याचा आधार १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. म्हणजे ‘घराला खूप डॅमेजेस झाले’ हे घरमालकाला पाठवलेल्या पत्रात चुकीचं. ‘डॅमेजेस मिळावेत’ हे बरोबर, पण ती रक्कम किती हेही मग लिहायला हवं.

माणसाला मात्र ‘डॅमेज’ लावत नाहीत. अपघातात तो ‘इंजर्ड’ होतो, शस्त्राने वा गोळीने ‘वुंडेड’.

आणि हाड? ‘फ्रॅक्चर नाही हो, नुसता क्रॅक आहे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. डॉक्टरांच्या लेखी हाडाला गेलेली केसाएवढी भेगही फ्रॅक्चरच असते, तिला ‘हेअरलाइन फ्रॅक्चर’ म्हणतात. ‘नुसता क्रॅक’ समजून पायावर भार दिला तर भेग वाढून हाड जागचं सरकू शकतं. अपघात विम्याच्या फॉर्मवरही आपल्या मनाने ‘क्रॅक’ लिहू नये, एक्स-रेच्या रिपोर्टमधला शब्द जसाच्या तसा उतरवावा.